शिक्षणाची नवी साधने व उद्याचे शिक्षक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गोंडपिपरी येथे दिलेले भाषण)



 माझी सारी हयात खडू आणि फळा यांच्या सहवासात गेली. त्यामुळे शिक्षणाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, आणि तशी अपेक्षाही आपण केली नसेल. आताच ज्या गुणवंत मुलामुलींचा येथे सत्कार झाला, त्यांत तिघी जणी अध्यापक विद्यालयात पदविकेचे शिक्षण घेत आहेत. आजचे माझे बोलणे मुख्यतः त्यांच्याशी आहे. परंतु त्यांच्या मातापित्यांनीही ते ऐकावे, अशी माझी विनंती आहे.

आम्ही शिक्षक होण्यास निघालो त्या काळी सराव पाठाला जाताना काखेत गुंडाळी फळा, हातात तक्ते आणि पिशवीत खादी फलकाचे तुकडे असत. आजच्या छात्राध्यापिकेच्या हाती मोबाईल असतो. शाळेत प्रोजेक्टर किंवा मोठा पडदा असतो. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोडचा चौकोन असतो. अलीकडे तर पाठाचे टाचणसुद्धा कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र मिनिटभरात लिहून देते. हे पाहून पालक मला दोन प्रश्न विचारतात. पहिला असा, की यंत्रच शिकवू लागले तर आमच्या मुलीच्या पदविकेचे मोल काय? दुसरा प्रश्न जरा दबल्या आवाजात येतो : वर्गात मोबाईल हाताळणे याला शिकवणे म्हणावे काय? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. त्यांचे उत्तर मी एका प्रसंगातून देऊ इच्छितो.

आपल्याच समाजातील एक कन्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होती. आंतरवासितेसाठी ती तालुक्यातील एका खेड्याच्या शाळेत जात असे. श्रावणाच्या आधीचे दिवस. शिवारात रोवणी चालू होती. चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यासाचा पाठ द्यायचा होता आणि विषय होता आपली पिके. तिने रात्री जागून तयारी केली. भाताच्या लागवडीवरील एक सुरेख चित्रफीत शोधली, ती मोबाईलमध्ये उतरवून घेतली आणि टाचणात मिनिटांचा हिशेब लिहिला. पडद्यावर हिरवीगार शेते दिसू लागली. निवेदिकेचा आवाज गोड आणि भाषा शुद्ध. ‘भाताची रोपे’, ‘भाताची लावणी’ असे शब्द एकामागून एक येत होते. मुले डोळे विस्फारून पाहत होती. चित्रफीत थांबवून तिने प्रश्न विचारले, तेव्हा मात्र वर्गात एकही हात वर झाला नाही.

बंधुभगिनींनो, ज्यांच्या घरची सारी माणसे त्या क्षणी गुडघाभर चिखलात उभी होती, ती मुले धानाविषयी एक अक्षर बोलेनात! शेवटी मागच्या ओळीतील एक मुलगा धीर करून म्हणाला, “मॅडम, भात तं माय चुलीवर रांधते. बांधीत तं धान रायते.”

एवढ्यात वीज गेली. पडदा काळा झाला. चाळीस मिनिटांपैकी पंचवीस मिनिटे शिल्लक, टाचण पडद्याच्या भरवशावर लिहिलेले, आणि भिंतीशी मार्गदर्शक गुरुजी वही घेऊन बसलेले. त्या मुलीच्या मनाची अवस्था काय झाली असेल, ती ज्याने सराव पाठ दिला आहे त्यालाच कळेल. गुरुजींनी तिला दोष दिला नाही. त्यांनी खडूचा एक तुकडा तिच्यापुढे केला, इतकेच. तिने फळ्यावर एक शब्द लिहिला : धान. मग विचारले, “तुमच्या घरी रोवणी कोणकोण करते?” त्या प्रश्नासरशी वर्ग बोलू लागला. पऱ्हे कसे टाकतात, चिखल कसा करतात, बांधीची पार फुटली तर काय होते, हे मुलांनी तिला सांगितले. पंचवीस मिनिटे अपुरी पडली.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. “काकाजी, माझा पाठ फसला,” असे म्हणून रडली. मी तिला म्हटले, “बाई, पहिल्या पंधरा मिनिटांचा पाठ फसला, पुढच्या पंचवीस मिनिटांत तू शिक्षिका झालीस. आता मोबाईल पेटीत बंद करू नकोस. त्याला उलट फिरव.”

उलट फिरव म्हणजे काय, ते तिला लगोलग उमगले. पुढच्या आठवड्यात तिने मुलांना मोबाईलपुढे बसवले नाही. मोबाईल मुलांपुढे धरला. एका मुलाच्या आजीला विचारून, तिची संमती घेऊन, पऱ्ह्यांपासून मळणीपर्यंतची हकिकत आजीच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केली. वर्गात ती ऐकवली, तेव्हा मुले आजीच्या चुका काढू लागली आणि राहिलेले सांगू लागली. तिने फळ्यावर दोन रकाने आखले. एकात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला शब्द. पऱ्हे आणि रोपे, रोवणी आणि लावणी, धान आणि भात. एकही शब्द चुकीचा ठरला नाही आणि प्रत्येक मुलाला दोन शब्द मिळाले. पुस्तकाची भाषा मुलांना आलीच पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही; परंतु तिच्याकडे जाणारी वाट घरच्या शब्दावरूनच जाते. जे मूल वाचताना अडखळत होते, त्याचे वाचन तिने मुद्रित करून त्यालाच ऐकवले. आपण कोठे थांबतो हे त्याला स्वतःच्या कानांनी कळले, आणि दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन पुन्हा वाचावयास आले.

मुलांनी बियाण्यांची नावे सांगताना ‘एचएमटी’ हे नाव घेतले, तेव्हा ती थांबली आणि आता तिने पडदा लावला. पडद्यावर छायाचित्र होते दादाजी खोब्रागडे यांचे. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे हे अल्पभूधारक शेतकरी. शालेय शिक्षण अल्प. परंतु 1983 च्या सुमारास धानाच्या पिकात काही वेगळ्या लोंब्या त्यांच्या नजरेस पडल्या. त्या त्यांनी निराळ्या जपल्या, वर्षानुवर्षे निवडल्या, आणि त्यातून जे वाण सिद्ध झाले त्याला त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचे नाव पडले. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या ताटातील धानाचे मूळ आपल्याच जिल्ह्यातील एका माणसाच्या बारीक नजरेत आहे, हे मुलांना त्या दिवशी कळले. ते छायाचित्र फळ्यावर काढता आले नसते; तेथे पडदाच हवा होता. म्हणजे साधन तेच, मोबाईल तोच, वर्गही तोच. फरक एवढाच, की पहिल्या दिवशी साधनासाठी पाठ होता आणि दुसऱ्यांदा पाठासाठी साधन होते.

ही गोष्ट नवी नाही. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी आपल्या विदर्भातच, वर्धा येथे, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार देशापुढे आला. टकळी हे त्या शिक्षणाचे एक साधन होते. सूत किती निघाले हे मोजताना गणित यावे, कापूस कोठे पिकतो हे विचारताना भूगोल यावा, अशी ती कल्पना. जेथे शिक्षकाने हा सांधा जुळवला तेथे टकळी शिकवू लागली. जेथे जुळवला नाही तेथे ती नुसतीच फिरली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम मांडले आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी मुलांत नेले. खडे, बिया, शिंपले, पाने हीच त्यांची साधने. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात गेली; ते गुरांमागे जाते तर शाळा कुरणात गेली. साधन मुलाच्या परिसरातून उचलावे, हा धडा त्या दोघींनी घालून दिला.

पुढे यंत्रे आली. 1975-76 मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने 6 राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवण्यात आले. 1984 मध्ये पुण्यास बालचित्रवाणी ही संस्था निघाली. मुलांसाठी तिने मराठीत पुष्कळ कार्यक्रम तयार केले. 2017 मध्ये ती बंद झाली. या काळातील माझाही एक अपराध मला येथे कबूल केला पाहिजे. मी मुख्याध्यापक असताना शाळेस दूरदर्शन संच मिळाला. बिघडेल या भीतीने आम्ही तो कपाटात ठेवला, वर कापडी आच्छादन घातले, आणि तपासणीच्या दिवशी तेवढा बाहेर काढला. दसऱ्याला त्यास हळदकुंकू वाहिले. यंत्राची आम्ही पूजा केली, उपयोग मात्र केला नाही. कारण ते पाठात कोठे बसवावे हे आम्हांस कोणी शिकवले नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. एका पिढीची मुले त्या कपाटासमोरून ये-जा करीत मोठी झाली. माझ्या मनातील ही खंत आजही गेलेली नाही.

म्हणून, मुलींनो, तुमच्या प्रशिक्षणातील खरा भाग कळ दाबण्याचा नाही. कळ दाबणे चौथीचे पोरही तुम्हांला शिकवील. तुम्ही शिकायचे ते तीन गोष्टींचे तारतम्य. एक : टाचण लिहिताना आधी मुलाला काय यावे ते लिहा आणि साधनाचे नाव सर्वांत शेवटी लिहा. दोन : प्रत्येक पाठाचे एक बिनविजेचे टाचण सोबत ठेवा, वीज गेल्यावर जो पाठ उभा राहतो तोच खरा. तीन : यंत्राने दिलेले टाचण, मग ते कितीही सुबक असो, आपल्या शिवारातून एकदा फिरवून आणा. यंत्र ‘भाताची लावणी’ लिहून देईल. वर्धा आणि वैनगंगा यांच्या मधल्या या मुलखात झाडीबोली, तेलुगू आणि गोंडी बोलणारी मुले एकाच शाळेच्या ओसरीवर बसतात, हे त्याला कोण सांगणार? ते तुम्हीच सांगायचे. यंत्रामुळे शिक्षकाचे मोल जाते काय, या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे.

साधनाने माणूस किती दूर पोहोचू शकतो, याचे उदाहरणही आपल्या महाराष्ट्रात आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे त्यांचे काम जगाने पाहिले, आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. खेड्यातील प्राथमिक शिक्षक जगापुढे जाऊ शकतो. अट एवढीच, की त्याची नजर आपल्या वर्गावर असली पाहिजे.

आता दोन शब्द पालकांसाठी. 2020 मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाईलवर येऊ लागले, तेव्हा आपल्या घरांत काय घडले ते आठवा. घरात मोबाईल एक. तो सकाळी बापाबरोबर वावरात जाई आणि संध्याकाळी आल्यावर मुलाच्या हाती पडे. मुलीची पाळी रात्री, दिवे मालवण्याच्या वेळी. हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. ‘असर’ या संस्थेच्या 2023 च्या पाहणीत 14 ते 18 वर्षे वयाच्या ज्या मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांपैकी सुमारे 44 टक्के मुलांकडे स्वतःचा फोन आढळला. मुलींत हे प्रमाण सुमारे 20 टक्के होते. जिने उद्या चाळीस मुलांना शिकवायचे, तिला आज घरात साधन मागून घ्यावे लागते, ही गोष्ट आपल्याला शोभणारी नाही. मुलगी मोबाईल घेऊन बसली की आपण संशयाने पाहतो. त्याऐवजी तिला जवळ बसवून विचारा, “आज कोणता पाठ करते आहेस, बेटा? आम्हांलाही ऐकव.” आपली आजी आणि आपली आई हीच तिची पहिली शैक्षणिक साधने आहेत, हे आता आपण जाणताच.

अखेरीस मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. आपण दरवर्षी गुणवंतांना प्रशस्तिपत्र आणि श्रीफळ देतो. ते अवश्य द्यावे. त्याच्या जोडीला, आपल्या सभागृहाची एक खोली रविवारी छात्राध्यापकांना सराव पाठासाठी मोकळी करावी, एक प्रोजेक्टर तेथे ठेवावा आणि त्याला कुलूप घालू नये. मोडला तर दुरुस्त करता येईल; कपाटात ठेवलेला कधीच दुरुस्त होत नाही. शेजारच्या वस्तीतील मुले, मग ती कोणत्याही समाजाची असोत, तेथे शिकावयास यावीत. ज्ञातीच्या नावाने जमलेल्या पैशाचे सार्थक ज्ञातीच्या कुंपणाबाहेर झाले, तर त्यात आपल्याला भूषणच आहे. आणि आपल्या वृद्ध मंडळींनी महिन्यातून एकदा तेथे बसून शेती, जंगल, नदी, जुने सण यांविषयी बोलावे. मुलींनी ते मुद्रित करावे. पाच वर्षांत आपल्या तालुक्याचा असा एक ग्रंथ आवाजांत उभा राहील, जो कोणत्याही बाजारात विकत मिळणार नाही.

ज्या कन्येची गोष्ट मी सांगितली, तिची पदविका पूर्ण झाली. टीईटीही ती उत्तीर्ण झाली. नेमणुकीची वाट पाहत ती आज याच सभागृहात मागे बसली आहे. तिचे नाव मी घेत नाही; तिने तशी विनंती केली आहे. ती ज्या शाळेत जाईल, त्या शाळेचे कपाट उघडे राहील, एवढे मी खात्रीने सांगतो.



जय हिंद, जय महाराष्ट्र.