गाऱ्हाणं कुणाच्या दारात न्यायचं?



दीक्षान्त समारंभात थोरामोठ्यांची नावं घ्यायची रीत आहे. मी घेणार आहे ते नाव तुमच्यातल्या फार थोड्यांच्या कानावर गेलं असेल : शूला केशेत. चित्रकार, प्रदर्शनांची क्युरेटर आणि दक्षिण तेल अवीवमधल्या नवे शाआनान वस्तीची रहिवासी. घराणं मूळचं इराणचं, म्हणजे इस्रायलच्या हिशेबात ती ‘मिझराही’, पूर्वेकडची ज्यू.

इराक, येमेन, मोरोक्कोहून १९५०च्या आसपास आलेल्या अशा ज्यूंच्या वाट्याला आधी तंबूंच्या छावण्या आल्या, मग वाळवंटाच्या कडेची गावं नाहीतर शहरांच्या पडक्या वस्त्या. सत्ता, विद्यापीठं, कलादालनं युरोपातून आलेल्या ‘अश्केनाझीं’कडे राहिली. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कोकणातून गेलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायल याच रांगेत उभे होते. ते पुरते ज्यू आहेत का, अशी शंका तिथल्या धर्मपीठाने काढली आणि त्यांची लग्नं अडली; १९६४ साली आंदोलन केलं तेव्हा कुठे संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. १९७१ मध्ये जेरुसलेमच्या मिझराही पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या चळवळीकडून ‘ब्लॅक पँथर्स’ हे नाव घेतलं. पुढच्याच वर्षी मुंबईत हेच नाव घेऊन काय उभं राहिलं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

इस्रायलच्या स्त्री चळवळीतही व्यासपीठ कुणाचं, हा प्रश्न होताच. १९९०च्या दशकात मिझराही बायकांनी तो परिषदांमध्ये उघड विचारला. व्यासपीठावरच्या जागा अश्केनाझी, मिझराही, पॅलेस्टिनी आणि समलिंगी स्त्रियांना सारख्या वाटायची पद्धतही त्याच काळातली. त्यावर कुरबुर झाली. कोटा म्हटला की ती होतेच. याच खटपटीतून ‘अखोती’ ही संस्था उभी राहिली. अखोती म्हणजे माझी बहीण. केशेतने ती पुढे चालवली आणि नवे शाआनानमध्ये तिचं घर थाटलं : एकाच छपराखाली प्रदर्शनं, बैठका आणि बायकांच्या हातकामाची विक्री.

आता ती वस्ती जवळून पाहा. मधोमध एक सात मजली बसस्थानक आहे. १९६७ साली बांधायला घेतलं, उघडलं १९९३ साली. बस वरच्या मजल्यांवर चढतात आणि त्यांचे उंच रस्ते घरांच्या खिडक्यांना खेटून जातात. सगळा धूर घरात. तळाचे मजले ओसाड पडले, तिथे वटवाघळं राहायला आली. शहराच्या उत्तरेकडे असलं काही बांधायची कुणाची हिंमत झाली नसती. २००६ नंतर इरिट्रिया नि सुदानमधून जीव वाचवून आलेले लोक सीमेवरच्या छावणीतून सुटले, की त्यांना याच स्थानकाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवलं जाई. काम करायचा धड परवाना नाही, निवाऱ्याची सोय नाही. मग नेते वस्तीत येऊन रहिवाशांना सांगू लागले, तुमच्या हालांना हे आफ्रिकन जबाबदार आहेत. मे २०१२ मध्ये अशाच एका सभेनंतर जमावाने आफ्रिकनांच्या दुकानांच्या काचा फोडल्या.

केशेतचं मोठेपण मला इथे दिसतं. तुम्हाला त्रास नाहीच, असं ती शेजाऱ्यांना म्हणाली नाही. त्रास खराच होता. गर्दी, घाण, अंधारलेले रस्ते, सगळं होतं. बाहेरून आलेले सज्जन नेमके इथेच चुकतात आणि गरिबाला प्रेमाचे धडे देतात. हे गाऱ्हाणं महापालिकेच्या आणि सरकारच्या दारात न्यायचं, शेजाऱ्याच्या नव्हे, हे मात्र तिने ठासून सांगितलं. २०१८च्या सुरुवातीला सरकारने या आफ्रिकन आश्रितांपुढे दोनच वाटा ठेवल्या : साडेतीन हजार डॉलर घेऊन आफ्रिकेतल्या तिसऱ्याच देशात चालतं व्हा, नाहीतर तुरुंगात जा. तेव्हा ‘दक्षिण तेल अवीव हद्दपारीच्या विरोधात’ या मोहिमेत ती पुढे होती. मागणी दुहेरी होती : यांना घालवू नका, आणि आमची वस्ती सुधारा. २४ फेब्रुवारीला त्याच भागात सुमारे वीस हजार माणसं जमली. आश्रितांना हाकला म्हणणारे रहिवासीही त्याच गल्ल्यांत होते, हे लपवायचं कारण नाही. एप्रिलमध्ये ती योजना कोसळली. कोर्टकज्जे, तिसऱ्या देशांची माघार, अशी कारणं बरीच होती. त्याच वर्षी केशेत महापालिकेवर निवडून गेली.

कधी कधी गाऱ्हाणं आपल्याच दारात येतं, म्हणून कलाशाखेच्या मुलांशी मला जरा वेगळं बोलायचंय. स्वस्त वस्तीत आधी चित्रकार येतात, मागून कॅफे, मग बिल्डर. तेल अवीवच्या फ्लोरेंटिनमध्ये हे झालं, आपल्या गिरणगावातही झालं. तुमच्यातल्या कुणाला उद्या जुन्या गिरणीच्या जागेतल्या गॅलरीत पहिलं प्रदर्शन मिळेल. जरूर लावा. पण उद्घाटनाच्या दोन दिवस आधी मागच्या चाळीत जा, पत्रिका द्या, आणि या गॅलरीपायी इथलं भाडं किती चढलं ते विचारा.