यादी जाळायची की छापायची?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



दुपारच्या सत्रात आपल्यासमोर एक प्रस्ताव आहे. आपल्या वस्त्यांमध्ये ट्रस्टतर्फे, देणगीच्या आणि सदक्याच्या पैशांवर चालणारे दवाखाने आहेत, छोटी प्रसूतिगृहं आहेत. त्यांनी एकत्र येऊन एक सभासद संस्था काढावी, त्या संस्थेने दर्जाचे निकष ठरवावेत आणि सभासदांची तपासणी करावी, असा तो प्रस्ताव. मी डॉक्टर नाही. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे निकष आणि तपासणी हे प्रकरण थोडं जवळून पाहिलंय. प्रस्तावाला माझा पाठिंबा आहे. पण मत देण्याआधी अशीच एक जुनी गोष्ट ऐका.

१९१३ साली अमेरिकेत शल्यचिकित्सकांनी आपली एक संघटना काढली, अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स. सभासद व्हायचं तर स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदी सादर करायच्या, अशी अट होती. अर्ज आले आणि लक्षात आलं, की बऱ्याच रुग्णालयांमध्ये धड नोंदीच नाहीत. नोंद नाही, तर डॉक्टर चांगला की वाईट हे ठरवणार कशावरून? म्हणजे गाडी सभासदत्वावरून निघाली आणि रुग्णालयांच्या दर्जावर येऊन थांबली.

या संघटनेत बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन नावाचे सर्जन होते. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं : प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं ते पाहा, बरा झाला नसेल तर का नाही ते लिहा, आणि ते लोकांसमोर ठेवा. त्यांनी स्वतःच्या छोट्या रुग्णालयात हे करून दाखवलं. १९११ ते १९१६ या काळातले ३३७ रुग्ण आणि त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्यांनी छापून प्रसिद्ध केल्या. सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. कॉडमन एकटे पडले, रुग्णालय बंद झालं. १९४० साली ते वारले तेव्हा त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. तो बसला २०१४ साली.

पण कल्पना टिकली. संघटनेने एका पानात मावतील असे पाच किमान निकष तयार केले. डॉक्टरांचा गट संघटित असावा. ते प्रशिक्षित आणि सचोटीचे असावेत, आणि फी वाटून घेण्याला, म्हणजे आपण ज्याला 'कट प्रॅक्टिस' म्हणतो त्याला, पूर्ण बंदी असावी. महिन्यातून एकदा तरी डॉक्टरांनी बसून आपल्याच कामाचा आढावा घ्यावा. प्रत्येक रुग्णाची पूर्ण नोंद असावी. प्रयोगशाळा आणि एक्स-रेची सोय असावी. बस्स, एवढंच.

मग १०० खाटा किंवा त्याहून मोठी ६९२ रुग्णालयं तपासली. पास झाली फक्त ८९! नापासांमध्ये देशातली नावाजलेली रुग्णालयंही होती. ऑक्टोबर १९१९ मध्ये न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात बैठक होती. आकडे जाहीर झाले, पण नावं वर्तमानपत्रांच्या हाती लागू नयेत म्हणून पदाधिकाऱ्यांनी ती यादी रात्रीच हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकली.

आपण हसतो. पण त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? ज्यांना नापास ठरवायचं तेच सभासद, तेच मित्र, त्यांच्याच पाठिंब्यावर संघटना उभी. सभासदांवर चालणाऱ्या प्रत्येक दर्जा-संस्थेचा पेच हाच आहे. न्याय करायचा त्यांचाच, आणि जगायचं त्यांच्याच वर्गणीवर.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली, आणि ती महत्त्वाची आहे. यादी जाळली, निकष जाळले नाहीत. निकष सैल करून सगळ्यांना पास केलं नाही. पुन्हापुन्हा तपासण्या केल्या, पास झालेल्यांची नावं जाहीर करत गेले. १९५० पर्यंत ३,२०० हून अधिक रुग्णालयं पास झाली. पुढे हा खर्च एका संघटनेला झेपेना. मग १९५१ साली इतर वैद्यकीय संघटना आणि रुग्णालयांची संघटना यांना सोबत घेऊन संयुक्त आयोग स्थापन झाला. आज 'जॉइंट कमिशन' म्हणून आपण त्याचं नाव ऐकतो.

त्या आयोगापुढेही तोच पेच राहिला. तपासणीचे पैसे रुग्णालयंच देतात. तारीख आधी कळवून तपासणी व्हायची, ती २००६ पासून न कळवता होऊ लागली. न कळवता जाण्याने काय फरक पडतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका रुग्णालयात आमची प्रणाली होती. तपासणीच्या आदल्या रात्री त्यांच्या महिनाभराच्या हात धुण्याच्या तक्त्यांवर बरोबरच्या खुणा झाल्या. डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीची वेळ असते. तीस दिवसांच्या सगळ्या नोंदी पंधरा मिनिटांत भरलेल्या! कागदावर ते रुग्णालय उत्तम होतं. मी ते पाहिलं, वरिष्ठांना सांगितलं, आणि 'आपलं काम सॉफ्टवेअर देण्याचं' हे उत्तर ऐकून गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून सलतं. यादी जाळायला दरवेळी भट्टीच लागते असं नाही.

आता आपल्याकडे या. स्त्रीरोगतज्ज्ञांची सभासद संघटना 'फॉग्सी' खासगी प्रसूतिगृहांसाठी 'मान्यता' नावाचा उपक्रम चालवते. त्यात १६ निकष आहेत. हातांची स्वच्छता, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची तयारी, आणि बाईला सन्मानाने वागवणं हेसुद्धा. सरकारी प्रसूतिकक्षांसाठी केंद्राने २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आणला, आणि महाराष्ट्रात या दोन्हींची सांगड घातली गेली. म्हणजे निकष आपल्याला शून्यातून लिहायचे नाहीत. प्रश्न निकषांचा नाहीच, ते पाळले जात नाहीत तेव्हा संस्था काय करते याचा आहे.

म्हणून माझ्या चार सूचना. एक, निकष एका पानात मावावेत आणि ते उर्दू-मराठीत दवाखान्याच्या दारावर लागावेत, म्हणजे औषधाच्या रांगेतल्या खालाजानही ते वाचतील. दोन, तपासणीला जाणारा माणूस त्या ट्रस्टशी संबंधित नसावा, आणि न कळवता जावा. तीन, कार्यकारिणीत निम्म्या जागा दवाखाने चालवणाऱ्यांच्या नकोत, रुग्णांच्या हव्यात, आणि त्यातही बायकांच्या. चार, नापास झालेल्याला सहा महिने द्यावेत, मदत द्यावी, आणि तरीही सुधारणा नसेल तर नाव छापावं.

चौथ्या सूचनेवर दुपारी वाद होणार हे मला माहीत आहे. चहाच्या वेळीच एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "बेटा, आधीच सगळे आपल्याकडे बोट दाखवतात. आपल्याच ट्रस्टची नावं आपणच छापायची? समाजाची बदनामी होईल." ही भीती खोटी नाही. मीही ती रोज अनुभवतो. पण बदनामी कुणाची वाचते आणि जीव कुणाचा जातो, याचा हिशेब करा. ट्रस्टी आजारी पडले तर मोठ्या रुग्णालयात जातात. त्या दवाखान्यात जाते ती रिक्षावाल्याची बायको, जरीकाम करणाऱ्याचं मूल. तेही समाजच आहेत ना? देणगी ही अमानत आहे असं आपण म्हणतो, मग ज्याच्यासाठी ती दिली त्याच्यापासून हिशेब लपवून अमानत कशी सांभाळणार?

समाजातल्या उणिवांवर आधी आपणच बोलावं, हे आपली चळवळ तलाक आणि शिक्षणाच्या प्रश्नांवर सांगत आली. दवाखान्याच्या बाबतीत ते वेगळं कसं असेल?

दुपारी मतदान होईल. संस्था काढायला हात वर करणं सोपं आहे, मीही करणार आहे. पण तेव्हाच दुसराही ठराव करून टाका : पहिली यादी हातात आली आणि तिच्यात आपल्याच ओळखीची नावं निघाली, तर आपण काय करणार. यादी आल्यावर हे ठरवायला बसलो, तर काय ठरेल ते १९१९ सालीच कळलंय.