पुठ्ठ्याची वाघीण
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षकाला व्यासपीठावर उभे केले की तो परीक्षा, गुण आणि शिस्त यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मी एका छंदावर बोलणार आहे. मालगाडीची छोटी वाघीण घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी, अगदी पायापासून बांधण्याचा हा छंद. विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील. पोरांना खेळांचे वेड आधीच काय कमी आहे, असेही कोणी म्हणेल. माझी विनंती एवढीच, की निकाल देण्यापूर्वी फिर्याद पुरी ऐकून घ्यावी.

रेल्वेच्या प्रतिकृती करण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत वाढला. सुरुवातीला ज्याला हवी ती गाडी स्वतःच घडवावी लागे. लाकडाच्या पातळ फळ्या, पुठ्ठा, पितळेची तार आणि चिकाटी एवढेच भांडवल. १९३४ साली अमेरिकेत या छंदाला वाहिलेले ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक निघाले. १९३५ साली छांदिष्टांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. संघटना कशासाठी? एकाने केलेली गाडी दुसऱ्याच्या रुळांवर धावली पाहिजे, म्हणून. चाकांमधील अंतर, रुळांची रुंदी यांची मापे ठरली, आणि हजारो मैल दूर राहणारी, एकमेकांना कधी न भेटलेली माणसे एकाच पट्टीने मोजू लागली. मापाची शिस्त माणसांना कशी जोडते, याचे हे छोटे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

पुढे बाजारात तयार गाड्या आल्या, सुटे भाग भरलेल्या पेट्या आल्या. तरीही काही मंडळी हट्टाने कोऱ्या पत्र्यापासून, कोऱ्या प्लॅस्टिकपासून वाघीण बांधतात. दुकानात मिळते ते करण्यात काय मौज, असे त्यांचे म्हणणे.

आता हिशेबाकडे वळू. या छंदात सर्वांत चालणारे प्रमाण १:८७ हे आहे. खऱ्या गाडीचे एक फूट म्हणजे प्रतिकृतीचे साडेतीन मिलिमीटर. अमेरिकेत चाळीस फुटी बंद वाघीण, जिला तिकडे बॉक्सकार म्हणतात, अनेक वर्षे सर्वत्र धावत होती. विद्यार्थी मित्रांनो, चाळीस गुणिले साडेतीन किती? एकशे चाळीस मिलिमीटर. तिचे सहा फूट रुंदीचे दार किती होईल? एकवीस मिलिमीटर. एक इंच जाडीची वस्तू जेमतेम ०.२९ मिलिमीटर उरते. म्हणून शिडीच्या पायऱ्या आणि हाताने धरायच्या कड्या केसासारख्या बारीक तारेच्या कराव्या लागतात.

आपल्या शाळेत गुणोत्तर-प्रमाण सातवीच्या आसपास येते. मुले सूत्र पाठ करतात, उदाहरण सोडवतात, उत्तर मागे पाहून ताडतात आणि महिन्याभरात विसरतात. वाघीण बांधणाऱ्याला मात्र उत्तर मागच्या पानावर मिळत नाही. गुणाकार चुकला तर दार बसत नाही, एवढेच. कोणी रागावत नाही, कोणी छडी उगारत नाही. वस्तूच शांतपणे सांगते, पुन्हा मोज.

बांधणीची रीत सोपी आहे; सोपी म्हणजे झटपट नव्हे. प्रथम आराखडा. मग पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर धारदार पातीने हलक्या हाताने दोन-तीनदा रेघ ओढायची आणि पत्रा त्या रेघेवर वाकवून मोडायचा. एकाच दणक्यात कापायला गेले की कड वेडीवाकडी होते. जोडण्यासाठी जो द्रव वापरतात तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात. हे काम खिडकी उघडी ठेवून करावे, कारण त्याची वाफ नाकातोंडात जाणे चांगले नाही. लहान मुलाने पाते हाती घेताना मोठे माणूस शेजारी हवेच. रिव्हेट उठवायचे तर पत्र्याच्या मागील बाजूने बोथट टोक समान अंतरावर दाबत जायचे. सारखा दाब, सारखे अंतर. शंभरावा ठिपका पहिल्यासारखाच आला पाहिजे. शिवणयंत्रावर बसणाऱ्या माता-भगिनींना यातले मर्म मी सांगायला नको.

आणखी एक गंमत पाहा. वाघिणीखाली पुढे एक आणि मागे एक अशा दोन बोग्या असतात. जाणकार माणूस एक बोगी अशी आवळतो की ती फक्त डावी-उजवीकडे वळेल. दुसरी थोडी सैल ठेवतो, म्हणजे ती वळेल आणि डोलेलही. असे का? चार पायांचे स्टूल खडबडीत जमिनीवर डुगडुगते, तीन पायांची तिवई डुगडुगत नाही. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, हे भूमितीतले वाक्य आपण पाठ केलेले असते. वाघिणीचा भार अशा तीन ठिकाणी टेकवला की वाकड्यातिकड्या रुळावरही तिची सारी चाके रुळाला धरून राहतात.

आता वजनाचे पाहू. आपल्याकडे कोळसा वाहणारी ‘बॉक्स-एन’ ही उघडी वाघीण आपण मनमाड-भुसावळकडे पाहिली असेल. रिकामी असताना तिचे वजन सुमारे साडेबावीस टन. लांबी सत्त्याऐंशीपट लहान केली, तशी रुंदीही केली, उंचीही केली. मग वजन कितीपट कमी झाले? सत्त्याऐंशीपट म्हणणारा फसला. सत्त्याऐंशी गुणिले सत्त्याऐंशी गुणिले सत्त्याऐंशी, म्हणजे ६,५८,५०३ पट. साडेबावीस टनांचे उरतात सुमारे ३४ ग्रॅम! एवढी हलकी गाडी वळणावर आतल्या बाजूला ओढली जाऊन रुळावरून उतरते. म्हणून त्या अमेरिकन संघटनेने या प्रमाणासाठी नियम सुचवला: मुळात एक औंस, आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. पाच इंची वाघिणीला साडेतीन औंस, म्हणजे जवळजवळ शंभर ग्रॅम. तेवढा भार तळाशी लपवून ठेवतात. घन म्हणजे काय, हे ज्या मुलाने एकदा अशा रीतीने तळहातावर तोलले, तो ते जन्मात विसरणार नाही.

मी इतिहासही शिकवतो, म्हणून त्या अंगाने दोन शब्द. जुन्या अमेरिकन वाघिणीच्या छपरावर लांब फळी असते आणि टोकाला हाताने फिरवायचे चाक. प्रतिकृती करणारा विचारतो, ही फळी कशाला? उत्तर शोधताना त्याला कळते, की एके काळी ब्रेक लावणारे कामगार धावत्या गाडीच्या छपरावरून, पावसात आणि बर्फात, एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर जात. दोन डबे जोडताना मध्ये उभे राहून खीळ घालावी लागे आणि त्यात कित्येकांची बोटे, कित्येकांचे प्राण गेले. वेस्टिंगहाउस यांनी १८६९ साली हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले, जॅनी यांनी १८७३ साली आपोआप जुळणाऱ्या कपलिंगचे. तरी या गोष्टी सक्तीच्या करणारा कायदा व्हायला १८९३ साल उजाडले. शोध लागणे आणि तो गरीब कामगाराच्या उपयोगी पडणे, यांत वीस वर्षांचे अंतर पडू शकते. अर्ध्या मिलिमीटरची तार वाकवताना हे ज्याच्या ध्यानात आले, त्याचा इतिहास पक्का झाला असे मी समजतो.

छंदाने पोट भरत नाही, असे पालक म्हणतात. खरे आहे. परंतु अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रविद्या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी रेल्वे-प्रतिकृतींचा क्लब काढला. काही जण गाड्या आणि देखावे करीत; काही जण रुळांखाली तारा आणि टेलिफोनची जुनी यंत्रसामग्री जोडून गाड्यांचे नियंत्रण करीत. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांतलीच काही मुले संस्थेच्या संगणकाकडे वळली आणि संगणकाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख आदराने होतो. ‘हॅक’ हा शब्द संगणकाच्या जगात रुळला तो या क्लबमुळे. तिथे त्याचा अर्थ चोरी नव्हता. अडचणीवर लढवलेली हुशार युक्ती, असा होता. प्रत्येक छांदिष्ट तिथवर पोचेल असे मी म्हणत नाही. हाताला लागलेले वळण डोक्यालाही लागते, एवढेच म्हणतो.

पैशांचे काय? परदेशी चाके, कपलिंग आणि रूळ महाग असतात, आणि ऋण काढून खेळ करावा असे मी कुणालाही सुचवणार नाही. पण सुरुवात फुकटात होते. बॉक्स-एन वाघिणीची आतील लांबी ९७८४ मिलिमीटर, रुंदी २९५० आणि उंची १९५०. सत्त्याऐंशीने भागा: सुमारे ११२.५, ३३.९ आणि २२.४. घरात आलेल्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा, पोलादी पट्टी, पेन्सिल आणि डिंक घ्या. रिव्हेटसाठी शाई संपलेले बॉलपेन चालते. खऱ्या चाकाचा व्यास एक मीटर, म्हणजे प्रतिकृतीत साडेअकरा मिलिमीटर. शर्टाचे बटण जवळपास तेवढेच असते. ही वाघीण रुळावर धावणार नाही, कपाटावर उभी राहील. तिला उभे करता करता तुमचा अर्धा भागाकार पक्का होईल. पुढची हौस असेल त्याने पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले, १९९८ साली उघडलेले लघुरेल्वेचे संग्रहालय जरूर पाहावे.

आता शेवटचा आणि माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. आपल्या समाजात सुतार आहेत, लोहार आहेत, वेल्डर, विणकर, शिंपी, मोटार मेकॅनिक आहेत. त्यांच्या घरची मुले माझ्या वर्गात बसतात. वडील दुकानात रोज मापे घेतात, कोन साधतात, मालाचा अंदाज बांधतात. आणि मुलगा वर्गात म्हणतो, ‘सर, गणित आमच्या घरात कुणाला येत नाही.’ हे ऐकून जीव तुटतो. घरात गणित आहे. त्याला गणित हे नाव कुणी दिलेले नाही. मग नववीत गणिताच्या धास्तीने शाळा सुटते, आणि मुलगा त्याच दुकानात जाऊन तेच गणित नाव न घेता करू लागतो. दुकानात जाणे कमीपणाचे नाही. शाळा भीतीने सुटणे, हे मात्र नुकसानीचे आहे.

म्हणून पालकांनो, येत्या सुट्टीत मुलासोबत, आणि तितक्याच आवर्जून मुलीसोबत, एक वाघीण बांधा. हुन्नर तुमचा असेल, भागाकार त्यांचा. तुम्ही कड सरळ कशी कापायची ते दाखवा, ती तुम्हाला दशांश चिन्ह कुठे द्यायचे ते दाखवतील. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वाघिणी शाळेत आणा. आपण त्या प्रयोगशाळेतील लांब टेबलावर एकामागे एक मांडू. कुणाची आखूड असेल, कुणाची तिरकी असेल. पट्टी लावू, फरक काढू आणि दुसरी बांधू.