कोपर गावची वस्ती आणि शिरगणती



कोपर नावाची गावे या खाडीपट्ट्यात एकाहून अधिक आहेत. कोपरखैरणे तर सर्वांस ठाऊक. म्हणून पाहुण्यास आमंत्रण धाडताना ‘डोंबिवलीचे कोपर’ असे लिहावे लागते. दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले हे आपले गाव किती माणसांचे, असे कोणी विचारले तर सरकारी दप्तरातून सरळ उत्तर मिळणे कठीण. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. शहरात गेलेल्या गावाची मोजणी शहराच्या आकड्यात मिळते. २०११ च्या जनगणनेत हा आकडा सुमारे १२ लाख ४७ हजार भरला. एवढ्या राशीतून कोपरचे पसाभर दाणे वेगळे कसे काढावेत?

मूळ वस्ती मुख्यतः आगरी समाजाची. खाडीकाठच्या या समाजाचा जुना व्यवसाय खारीतील भातशेती, मिठागरे आणि मासळी. खारीची शेती एकट्याने होत नाही. बांधाला खांड पडली की खारे पाणी एकाच्या शेतात थांबत नाही, साऱ्या खारीत शिरते. म्हणून बांधाच्या कामास घरटी माणूस जात असे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी झाली. पुढे त्याच सातबाऱ्यांवर इमारती उभ्या राहिल्या, हा भाग निराळा. लग्नात धवले गाणारी धवलारीण मात्र अजून बोलावली जाते, हे समाधान.

आगगाडी १८५४ साली कल्याणास पोहोचली आणि १८८७ साली डोंबिवलीस स्टेशन झाले. कोपर स्टेशन फार उशिरा आले, पण आले ते दुमजली : खाली मुंबई-कल्याणची गाडी, वर वसई-दिवा मार्गाची. दरम्यान डोंबिवलीस औद्योगिक वसाहत झाली, मुंबईत घर परवडेना, आणि कोकण, घाटमाथा, खानदेश, कर्नाटक, गुजरात, उत्तर हिंदुस्थान येथील कुटुंबे या परिसरात येऊन राहिली.

आता खरा मुद्दा. ‘गावकरी’ कोणास म्हणावे, यावर गावोगावच्या बैठकांत आवाज चढतात. पालखीचा, पहिल्या नारळाचा मान ज्या घरांचा आहे तो त्यांच्याकडेच राहावा. तो पैशाने मिळत नाही आणि मिळूही नये. परंतु देणगीदारांच्या यादीत मूळचे व बाहेरचे असे दोन रकाने पाडणे योग्य नव्हे. भाड्याच्या खोलीतून आलेले अकरा रुपये आणि चाळमालकाचे अकराशे एकाच पावतीपुस्तकात लिहिले जातात. देवळाच्या गाभाऱ्यास लागलेला दगड कोणाच्या पैशाचा, हे पुढे कोणी ओळखणार नाही.

मूळच्या मंडळींची तक्रारही खोटी नाही. आपण किती उरलो, हे त्यांस कोणी सांगत नाही. सर्व जातींची मोजदाद करून आकडे प्रसिद्ध झाले ते १९३१ साली. त्यानंतरच्या जनगणनांत अनुसूचित जाती-जमाती तेवढ्या वेगळ्या मोजल्या गेल्या. आगरी समाज इतर मागासवर्गात, म्हणून त्याचा आकडा अंदाजानेच सांगितला जातो, आणि जो तो आपल्या सोयीचा सांगतो. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून ती व्हावयाची असून तीत जातही विचारली जाणार, असे शासनाने २०२५ साली जाहीर केले आहे.

प्रगणक दारी येईल तेव्हा ‘आम्ही पाटील’, ‘आम्ही म्हात्रे’ एवढे सांगून त्यास वाटेस लावू नये. आडनाव म्हणजे जात नव्हे. जातीचे नाव स्पष्ट सांगावे आणि लिहिले ते वाचून घ्यावे. घरातील लेकीसुना, तान्ही मुले, अंथरुणास खिळलेली म्हातारी माणसे सुटू देऊ नयेत. भाडेकरू मंडळींनीही ‘आमचे नाव गावी लागते’ म्हणून टाळू नये. जेथे मनुष्य नेहमी राहतो, तेथेच त्याची गणती होते. गावच्या घरी भावाने आपले नाव पुन्हा लिहविलेले नाही ना, एवढे तेवढे पत्र टाकून विचारावे.