लहानग्यांचा बेसबॉल

पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे १९३९ साली कार्ल स्टॉट्झ या गृहस्थांनी अवघे तीन संघ जमवून मुलांचा बेसबॉल सुरू केला. तीच ही 'लिटल लीग'. तिचा प्रशिक्षक बहुधा कोणा खेळाडूचा बापच असतो, आणि तोही बिनपगारी. अकरा-बारा वर्षांच्या पिचरने दिवसाला ८५ चेंडूंच्या पुढे जाऊ नये, असा दंडक कोवळ्या कोपरांसाठी २००७ मध्ये आला. कागदावर तो सोपा वाटतो! सामना हाताशी आलेला असतानाच उत्तम पिचरला माघारी बोलवावे लागते. पालक कडेवरून ओरडतात. पोरगा रडवेला होतो. त्याच्या जागी जातो तो आजवर बाकावर बसलेला एखादा बुजरा मुलगा. पहिला चेंडू अचूक पडताच तो आधी प्रशिक्षकाकडे पाहतो.