डोकी किती, पट्टे किती?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं हे भाषण. बऱ्याच जणींनी लेखी मागितलं म्हणून बोलल्याप्रमाणेच छापत आहोत.)



मला सांगण्यात आलं की वाढत्या कुटुंबासाठी गाडी कशी निवडावी यावर बोल. मी ड्रायव्हर नाही, मेकॅनिक नाही. गोदामातल्या कामगारांना जेवणाचे डबे देणारी बाई आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण गेल्या वर्षी आमच्या दारात गाडी आली आणि ती यायच्या आधी चार महिने घरात जी भांडणं झाली, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी हात वर करा. मोटारसायकलवर चार किंवा जास्त जण बसून या महिन्यात कोण कोण गेलं? लाजू नका, माझा हात पहिला होता. टाकीवर मधला मुलगा, मग हे, त्यांच्या मागे मुलगी, मग मी आणि माझ्या मांडीवर धाकटा. पाच जण. पडघ्याच्या बाजाराला, माहेरी, दवाखान्यात असेच जायचो. पावसाळ्यात एकदा पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि आम्ही सगळे आडवे झालो. मागून ट्रक नव्हता म्हणून आज मी तुमच्यासमोर उभी आहे. आपल्या तालुक्यात गोदामांचे कंटेनर दिवसरात्र चालतात, मुंबई-नाशिक महामार्ग आपल्याच दारातून जातो, तेव्हा मागून काही नसणं हे नशीबच. मुलीच्या कोपराला टाके पडले. धाकट्याला काही झालं नाही, पण तो दोन दिवस बोलला नाही.

कायदा काय सांगतो तेही ऐका. दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस. तिघं बसलात तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बंद होऊ शकतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाला बांधून ठेवणारा पट्टा, डोक्याला हेल्मेट आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा नियम २०२२ मध्ये आला. आमच्या गावात तो पट्टा मी अजून एकदाही पाहिलेला नाही.

तर पडल्यावर ठरलं, चारचाकी घ्यायची. आता कोणती?

हे म्हणाले, सात जणांची मोठी घेऊ. हिशोब बरोबर होता. सासू-सासरे, आम्ही दोघं, तीन मुलं. सासूबाई म्हणाल्या, "मला नाय ठेवायची मागं. एकवीरेला जायचं तर सगळी जाऊ." एका विक्रेत्याकडे आम्ही जुनी मोठी गाडी बघायलाही गेलो. मागे दोन आडवी बाकडी, समोरासमोर. तो म्हणाला, वहिनी, सात काय, अकरा बसतात. मी विचारलं, पट्टे किती? तो हसला. मागच्या बाकड्यांना पट्टाच नव्हता, आणि मधल्या सीटचे पट्टे सीट कव्हरच्या खाली दाबून टाकलेले.

बायांनो, गाडीत किती जण बसतात हे विचारूच नका. आपल्याकडे कितीही बसतात, वडाप करणाऱ्याला विचारा. घरची डोकी मोजा आणि मग गाडीतले पट्टे मोजा. पट्टा ओढून बघा, कडी लागते का बघा, झटका दिल्यावर अडतो का बघा. मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याला पुष्कळ गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा असतो, खांद्यावरून येणारा नसतो. तेही बघा. आडव्या बाकड्यावर मुलं बसवायची म्हणजे त्यांना टेम्पोत सामान टाकल्यासारखं टाकणं आहे.

मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, असं आमचे सासरे म्हणायचे. ४ सप्टेंबर २०२२ आठवा. आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी लाखो रुपयांची, एअरबॅगवाली. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागे बसलेले दोघं गेले, पुढचे दोघं वाचले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी मागच्या पट्ट्याची सक्ती सुरू केली. मी हे घरात सांगितलं तेव्हा सासरे गप्प झाले. एवढ्या मोठ्या माणसाचं उदाहरण लागलं, सुनेचं ऐकलं नसतं.

आणि लहान मूल पुढच्या सीटवर मांडीवर घ्यायचं नाही. आपल्याला वाटतं आईच्या कुशीत ते सुरक्षित आहे. गाडी धडकली तर आईच्या हातात ते राहत नाही, आणि समोरून एअरबॅग फुटते ती थेट त्याच्यावर. एकाच पट्ट्यात आई आणि मूल दोघांना बांधलं तर आईच्या वजनाने मूल चेपतं. लहानग्यासाठी वेगळी सीट मिळते, ती मागच्या सीटला बांधायची. आमची मुलीच्या मावशीने वापरलेली आहे, तिच्या मुलाच्या अंगाबाहेर गेली म्हणून तिने दिली. पण एकदा अपघात झालेल्या गाडीतली सीट मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आता तारे. तुम्ही जाहिरातीत ऐकलं असेल, पाच तारे, चार तारे. गाडी मुद्दाम धडकवून आत ठेवलेल्या पुतळ्यांना काय होतं ते बघतात, त्यावरून तारे देतात. आपल्या देशाची स्वतःची चाचणी, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्याआधी ग्लोबल एनकॅप ही बाहेरची संस्था आपल्या गाड्या तपासत होती. २०१४ मध्ये त्यांनी अल्टो ८००, नॅनो, आय टेन, फिगो आणि पोलो यांची एअरबॅग नसलेली साधी मॉडेलं धडकवली. पाचही गाड्यांना शून्य. २०१६ मध्ये इकोलाही शून्य. इको म्हणजे आपल्या मुलांना शाळेत नेणारी आणि आपल्याला लग्नाला नेणारी गाडी, म्हणून मुद्दाम नाव घेते. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. पण जुनी घ्यायला जाल तेव्हा हातात जुनीच येणार ना?

तारे विचारताना दोन गोष्टी विचारायच्या. मोठ्यांचे किती आणि मुलांचे किती, कारण ते वेगळे असतात. आणि कोणत्या सालच्या चाचणीचे. चाचणी कडक होत जाते. अर्टिगाला २०१९ मध्ये तीन तारे होते. २०२४ मध्ये, आपल्याकडे बनून आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या अर्टिगाला नव्या नियमांनी एकच मिळाला. ही चाचणी करून घेणं कंपनीला सक्तीचं नाही, म्हणून काही गाड्यांना तारेच नसतात. मग विक्रेता म्हणतो, "गाडी एकदम मजबूत आहे, पत्रा बघा." पत्र्यावर थाप मारून काही कळत नाही. हंडा घेतोय का आपण?

आपल्यापैकी बहुतेक जणी जुनीच गाडी घेणार. म्हणून ही सालं लिहून घ्या. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत. १ जुलै २०१९ पासून चालकाला एअरबॅग सक्तीची. शेजारच्या सीटची एअरबॅग १ जानेवारी २०२२ पासून. त्याआधीच्या गाड्यांत ते असेलच असं नाही, महागड्या मॉडेलमध्ये असतं. वीस-तीस हजार वाचवायला २०१७ ची घेण्यापेक्षा २०२० ची लहान घ्या, हे माझं मत आहे. रंग, टेप, चाकाची डिझाईन यावर आमच्या घरातल्या पुरुषांनी दोन संध्याकाळी घालवल्या. मी बनवल्याची तारीख बघत होते.

आपल्या भागात आणखी एक. दर पावसाळ्यात कामवारीचं पाणी भिवंडीत शिरतं, गाड्या बुडतात, मग धुऊन-पुसून विकायला येतात. पट्टा पूर्ण बाहेर ओढा, शेवटपर्यंत. आतल्या टोकाला चिखलाचा डाग दिसला तर नमस्कार करून निघा. गाडी धुणारा तिथपर्यंत पोहोचत नाही. ही युक्ती मला भावाने सांगितली, तो गॅरेजमध्ये आहे.

मग आम्ही काय घेतलं? सात जणांची नाही घेतली. सासूबाईंना विचारलं, आपण सगळे मिळून वर्षातून किती वेळा बाहेर पडतो? मोजलं तर सहा वेळा. आणि दवाखाना, शाळा, डब्याचं सामान यासाठी आठवड्याला तीनदा, तेव्हा चार-पाच जणच असतात. सहा वेळांसाठी मोठी गाडी पोसायची का? त्या सहा वेळा एसटी आहे. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. नाहीतर परवाना असलेली भाड्याची गाडी. २०२० ची पाच जणांची लहान गाडी घेतली, साडेचार लाखांना. दोन एअरबॅग, मागे तिघांना तीन पट्टे. सासूबाई पंधरा दिवस रुसल्या होत्या.

पैशांचं सांगते, कारण खरी ठेच इथे लागते. दीड लाख आमचे होते, तीन लाख कर्ज. एका ठिकाणी सांगितलं, दहा टक्के व्याज. दुसरीकडेही दहा टक्के. पण पहिल्याचा हप्ता साडेसात हजार आणि दुसऱ्याचा सहा हजार तीनशे चौऱ्याहत्तर. पाच वर्षांचंच दोन्ही. मी गटाची वही लिहिते म्हणून लक्षात आलं. पहिला पूर्ण तीन लाखांवर पाचही वर्षं व्याज लावत होता, दुसरा उरलेल्या रकमेवर. फरक साडेसदुसष्ट हजारांचा! आपण गटात घटत्या शिलकीवर व्याज लावतो आणि बाहेर गेल्यावर टक्का ऐकूनच सही करतो. "फ्लॅट की घटतं?" एवढंच विचारायचं.

हप्ता चांगल्या महिन्यावर ठरवू नका. ज्या महिन्यात ठेकेदाराने गोदामात काम दिलं नाही, लूम बंद होते, त्या महिन्यात घरात किती आले ते आठवा. त्यातून किराणा आणि फी जाऊन जे उरेल, तेवढाच हप्ता झेपेल. शिवाय विमा, टायर, सर्व्हिसिंग, सीएनजी असेल तर दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी. सीएनजीची टाकी डिकी खाते, हेही घेण्याआधीच बघा, नाहीतर सामान मुलांच्या पायाशी येतं.

आणि हे कोणी सांगत नाही. लाडकी बहीण योजनेच्या अटीत आहे, कुटुंबात कोणाच्या नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर लाभ नाही. महिन्याचे १,५०० म्हणजे वर्षाचे १८,००० गेले. घरकुलाच्या निकषातही तीनचाकी-चारचाकी असलेलं कुटुंब बाद होतं. गाडी लपवून पैसे घेत राहा असं मी सांगणार नाही, २०२५ मध्ये घरोघरी पडताळणी झाली ती आपण पाहिली. पण घराचे कागद रांगेत असतील तर आधी घर की आधी गाडी, हे बसून बोला. आमच्या घरात हप्त्याच्या हिशोबात माझे दीड हजार धरलेले होते! मी म्हटलं, अहो, गाडी आली की तेच जाणार आहेत.

गटाचं कर्ज शेळीसाठी घेऊन गाडीच्या डाऊन पेमेंटला लावलेलं मी एकीकडे पाहिलं आहे. नाव घेत नाही. चार महिन्यांनी तिचा नवरा घरी बसला, गाडीवाले गाडी ओढून घेऊन गेले, आणि गटाचा हप्ता बाकीच्या नऊ जणींनी भरला. ती आता सभेला येत नाही. वाईट वाटतं, कारण पैसे तिने स्वतःसाठी घेतलेच नव्हते.

विमा. फक्त थर्ड पार्टी घेतला तर आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला मिळतं. आपल्याच गाडीत बसलेल्या आपल्या मुलांना त्यात काही नाही. त्यांच्यासाठी पूर्ण विमा, म्हणजे पॅकेज, घ्यावा लागतो. मालक स्वतः चालवत असेल तर त्याचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, पण मालकाकडे लायसन्स हवं. म्हणून गाडी बाईच्या नावावर करताना आधी लायसन्स काढा. आमची ह्यांच्या नावावर आहे, पण आरसीवर वारस म्हणून माझं नाव घातलंय, २०२१ पासून तशी सोय आहे. मी शिकाऊ लायसन्स काढलंय, गाडी अजून भिंतीजवळ नेते. आणि खाजगी गाडीत भाडं मारू नका. पांढऱ्या पाटीवर भाडं घेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

जुनी गाडी घेणाऱ्या ज्या कोणी असतील, त्यांनी सही करायच्या आधी आरसीचा फोटो घेऊन मंगळवारी संघाच्या ऑफिसात या. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, ते दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. चलान थकलेलं असेल तर तेही बघू, आणि नाव तीस दिवसांत बदलून घ्यायचं त्याचे फॉर्म माझ्याकडे आहेत. मंगळवारी दुपारी दोननंतर या, त्याआधी माझे डबे असतात.