दुधाच्या पिशवीचा कोपरा



समुद्रातल्या कचऱ्यावर बोलायला मला बारा मिनिटं मिळाली आहेत आणि त्यातली बरीचशी मी दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्यावर घालवणार आहे. कासवाच्या पोटात निघालेलं प्लास्टिक, पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला कठडा ओलांडून मरीन ड्राइव्हवर परत आलेला केर, जुहूच्या वाळूत अर्ध्या रुतलेल्या पिशव्या हे सगळं तुम्ही पाहिलं-वाचलेलं आहे. बाजारात जाताना कापडी पिशवी न्या, प्रवासात घरची पाण्याची बाटली न्या, हेही तुम्हाला पाठ आहे. पाठ असूनही करत नाही, ही गोष्ट वेगळी. पण ते पुन्हा ऐकवण्यात अर्थ नाही. मला बोलायचंय ते सकाळी ओट्याशी होणाऱ्या एका कृतीबद्दल. दुधाची पिशवी घेतली, कात्रीनं टोक उडवलं, दूध पातेल्यात ओतलं. पिशवीचं पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक असतं. ती धुतली जाते, टाइल्सवर चिकटवून वाळवली जाते, साठवली जाते, कारण भंगारवाला ती किलोवर घेतो. पण ते उडवलेलं टोक, तो नखाएवढा त्रिकोणी तुकडा कुठे गेला? बहुतेक घरांत या प्रश्नाला उत्तर नाही. कधी ओला कपडा फिरवताना तो सिंकमध्ये जातो, कधी भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात, कधी केरसुणीच्या काड्यांत अडकून गॅलरीत, आणि तिथून वाऱ्यावर.

एवढ्याशा तुकड्यानं काय होणार, असं मनात आलं असेल तर साधा हिशेब करा. घरात रोज दोन पिशव्या लागत असतील तर वर्षाला 730 कोपरे झाले. 40 बिऱ्हाडांची एक इमारत धरली तर 29,200. मोबाइलवर याबद्दल कोटी-कोटींचे आकडे फिरत असतात, ते मी देणार नाही. आपल्या जिन्यापुरता हा आकडा पुरेसा आहे. यातला प्रत्येक तुकडा समुद्राला मिळतो, असं माझं म्हणणं नाही. पुष्कळसे कचऱ्याच्या डोंगरात गाडलेही जात असतील. माझं म्हणणं इतकंच आहे, की एकदा सुटा झालेला तुकडा कुणाच्याच हातात राहत नाही. तो सुटा करायचाच नाही. कोपरा अर्धवट कापायचा आणि पिशवीला लोंबत ठेवायचा. हे वाक्य मी आज दोन-चारदा म्हणणार आहे, कारण रेडिओ ऐकताना कुकरची शिट्टी होते, दाराची बेल वाजते, आणि नेमकं तेच वाक्य निसटतं.

हे घरच्या भाषेत सांगतो. तांदूळ निवडण्याचं उदाहरण घ्या. ताटात पसरलेल्या कोरड्या तांदळातला खडा दिसतो, बोटानं सहज बाजूला काढता येतो. तोच खडा तांदूळ भिजल्यावर शोधायला गेलात तर पाणी गढूळ असतं आणि बोटांना सगळं सारखंच लागतं. भात शिजल्यावर तर तो शोधायचा विचारही आपण करत नाही. मग तो दाताखालीच सापडायचा. आता आपलं घर म्हणजे कोरड्या तांदळाचं ताट समजा, गटार आणि नाला म्हणजे भिजवलेले तांदूळ, आणि समुद्र म्हणजे शिजलेला भात. शिवाय या भाताची तऱ्हा अशी, की त्यातला खडा स्वस्थ बसत नाही. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, लाटांनी मोडतं, आणि पाच मिलिमीटरहून बारीक झालं की शास्त्रज्ञ त्याला सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. म्हणजे खड्याचं पीठ झालं आणि ते भातात मिसळलं. किनाऱ्यावर सफाई करणारी माणसं पानात वाढलेल्या भातातून खडे वेचत असतात. त्यांना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही, उलट त्यांनी केलेलं काम मोठंच आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शहा यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये सफाई सुरू केली आणि शेकडो माणसं आठवड्यामागून आठवडे तिथे राबली. मार्च 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. पण कचरा दर भरतीला नव्यानं येतच असतो, म्हणून हे काम एकदा करून संपत नाही. भातातला खडा काढणाऱ्याची कीर्ती होते आणि ताटात तांदूळ निवडणाऱ्या बाईचं नावही कुणी घेत नाही, हा आपला जुनाच रिवाज आहे. असो.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. समुद्रात नेमका कोणता कचरा जातो? ज्याला भाव आहे तो कमी जातो. आपल्याकडे कचरा वेगळा करण्याचं खरं काम कुठल्या यंत्रानं केलेलं नाही. ते कचरावेचक बायकांनी आणि भंगाराच्या दुकानांनी केलंय. पाण्याची रिकामी बाटली रस्त्यावर फार काळ पडून राहत नाही, कुणीतरी उचलतं. दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा विकला जातो. पण शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा, बिस्किटाच्या पुड्याची सोडवलेली फीत, गोळीचा कागद, वेफर्सच्या पाकिटाची वरची पट्टी, सिगारेटचं थोटूक हे उचलायला कुणी वाकणार नाही. दिवसभर वेचलं तरी किलो भरत नाही. म्हणजे भंगाराच्या व्यवस्थेनं टाकलेलं, झाडूच्या काड्यांतून सुटलेलं आणि नाल्यावरच्या जाळीतून निसटलेलं, असं जे काही उरतं, ते पाण्याबरोबर पुढे जातं. जगभर दर सप्टेंबरमध्ये किनाऱ्यांची सफाई होते तेव्हा स्वयंसेवक उचललेली प्रत्येक वस्तू मोजतात. ही प्रथा 1986 पासून आहे. त्या मोजणीत वर्षानुवर्षं पहिला क्रमांक सिगारेटच्या थोटकांचा येत आला आहे आणि मध्यंतरी एकदा खाऊच्या वेष्टनांनी तो पटकावला. थोटूक कापसाचं असतं असा पुष्कळांचा समज आहे. त्यातला तो पांढरा बोळा सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचाच असतो.

बाटलीचंच बघा. बाटलीचं प्लास्टिक पाण्याहून जड असतं. झाकण नसलेली बाटली पाण्यात पडली की भरते आणि बुडते. झाकणाचं प्लास्टिक वेगळं आणि हलकं, ते तरंगतं. बाटली तळाशी आणि झाकण कुठल्या कुठे, अशी ताटातूट होते. तीच बाटली झाकण घट्ट लावून सुक्या कचऱ्यात टाकली तर दोन्ही एकाच हातात पडतात. युरोपीय संघानं हे ओळखून कायदाच केला. जुलै 2024 पासून तिथे तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या बाटल्यांचं झाकण उघडल्यावरही बाटलीला जोडलेलं राहिलं पाहिजे, असं बंधन आहे. सुरुवातीला लोक वैतागले, पिताना झाकण नाकाला लागतं म्हणाले. सुटा तुकडा जोडून ठेवण्याचा असाच बदल अमेरिकेत याच्या कितीतरी आधी झाला होता. तिथल्या पेयांच्या डब्यांची कडी पूर्वी ओढून पूर्ण निघायची आणि लोक ती जागच्या जागी टाकायचे. वाळूत पडलेल्या कड्यांनी पाय कापायचे. 1970 च्या दशकात डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली. लोकांच्या सवयी सुधारल्या म्हणून काही तो उपद्रव थांबला नाही. सुटा तुकडा निघणंच बंद झालं, म्हणून थांबला. दुधाच्या पिशवीसाठी असा कायदा आपल्याकडे नाही. पण त्यासाठी कायदा कशाला हवा? कात्री आपल्याच हातात आहे. ज्यांनी रेडिओ आत्ता लावला त्यांच्यासाठी पुन्हा: कोपरा पूर्ण कापू नका, लोंबता ठेवा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. प्लास्टिक बनवतात कंपन्या, कचरा उचलायचा नगरपालिकेनं, आणि उपदेश मात्र गृहिणीला! आक्षेपात तथ्य आहे, मी तो उडवून लावणार नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अंदाजानुसार 2010 या एका वर्षात जगातल्या किनारी देशांतून 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं. एवढा ढीग कात्रीनं आवरत नाही, हे मलाही कळतं. कायदेही होत आहेत. 2018 मध्ये महाराष्ट्रानं प्लास्टिकबंदी केली, 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक वस्तू गेल्या, आणि बनवणाऱ्यांनी आपलं प्लास्टिक गोळा करून त्याची विल्हेवाट लावावी असा नियमही झाला. पण त्या नियमाचा हिशेब वजनावर चालतो, टनांत. राज्याच्या बंदीत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली तीसुद्धा पिशवी जाड असावी आणि परत घेण्याची सोय असावी, या अटीवर. म्हणजे पिशवीचा विचार झाला, कोपऱ्याचा कुणी केला नाही. कोपऱ्याला वजनच नाही. टनांच्या हिशेबात तो कधी दिसणार नाही आणि परत द्यायला आणलेल्या पिशवीबरोबर कुणी मागणारही नाही. कंपनीला जाब विचारायचा तो विचाराच. पण हा एक तुकडा असा आहे, की त्याच्यापर्यंत तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात पोचत नाही.

दुसरा आक्षेप घाटावरून येतो. आम्ही पुण्याचे, नागपूरचे, आमचा समुद्राशी काय संबंध? संबंध उताराचा आहे. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत जातं. मुठेचं पाणी भीमेतून कृष्णेत, कृष्णा बंगालच्या उपसागरात. अर्थात वाटेत उजनीसारखी मोठी धरणं आहेत आणि पुष्कळ कचरा तिथेच अडतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यात समाधान मानायचं असेल त्यांनी मानावं; मग तो खडा समुद्राच्या भातात न जाता आपल्याच पिण्याच्या पाण्यात राहिला, एवढाच फरक. कोकणपट्टीत मात्र मध्ये अडवणारं फारसं काही नाही. 2021 च्या एका अभ्यासात असं दिसलं, की नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे 80 टक्के एक हजाराहून अधिक नद्या वाहून नेतात, आणि त्यांत शहरांतून जाणाऱ्या लहान नद्यांचा वाटा फार मोठा आहे. आपली उल्हास त्या यादीत अगदी वरच्या नद्यांत आहे. कर्जत, बदलापूर, कल्याण करत ती वसईच्या खाडीला मिळते. मिठी तर विहार-पवईपासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम अठरा किलोमीटर. पावसाच्या एका सरीत कुर्ल्याचा कोपरा माहीमला पोचायला कितीसा वेळ लागणार? 26 जुलै 2005 ला मुंबईत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर तुंबलेल्या नाल्यांतल्या पिशव्यांवर किती चर्चा झाली ते आठवा. नाल्याला अडवतात त्या पिशव्या. नाल्यातून पार होतात ते तुकडे.

तिसरा आक्षेप जाणकारांचा. प्रशांत महासागरात कचऱ्याचा जो प्रचंड पट्टा आहे, त्यात वजनानं जवळजवळ निम्मा भाग मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला. मग दोष मच्छीमारांचा नाही का? तुटलेल्या नायलॉनच्या जाळ्यांचा प्रश्न खरा आहे, गंभीर आहे. पण तो हिशेब खोल समुद्राचा आणि पुन्हा वजनाचाच. आपल्या किनाऱ्याजवळ कोळी बांधव प्रवाहात डोल जाळं लावतात, त्यात बोंबलांबरोबर वेष्टनं आणि पिशव्या येतात. ती काही त्यांनी टाकलेली नसतात. आपल्याकडे कासव किंवा देवमासा जाळ्यात सापडला तर जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला सरकार 2018 पासून 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, आणि ती घेण्यासाठी का होईना, जाळं कापणारे आहेत. आपल्याला तर पूर्ण कापायचंसुद्धा नाही, अर्धंच कापायचंय!

वेळ संपत आलीय, म्हणून बाकीचं भरभर. निर्माल्य पुलावरून टाकायचं नाही, हे आता मुलांनाही कळतं. तरी गाडी थांबवून टाकणारे आहेत, आणि टाकताना पिशवीसकट टाकतात. देवाला वाहिलेलं फूल कुजेल तरी, पिशवीचं काय? शाम्पूची पुडी फाडताना टोक तोडू नका, चिरून पिळा. थोटूक पायाखाली विझवणाऱ्यांनी जवळ एखादी रिकामी डबी ठेवावी. पॉलिस्टरचे कपडे धुताना त्यांचे धागे सुटतात आणि पाण्याबरोबर जातात, तो विषय याहून मोठा आहे आणि त्यात आपण काय करू शकतो हे सांगायला मला निदान पाच मिनिटं तरी हवी होती. ते राहिलं.

एका तक्रारीचं उत्तर मात्र देतोच, कारण त्याशिवाय हे सगळं बोलणं वाया जाईल. टोक लोंबतं ठेवलं की दुधाची धार वाकडी पडते, ओट्यावर सांडतं, अशी तक्रार आहे आणि ती बरोबर आहे. कोपरा आडवा कापत न्यायचा आणि शेवटी तुरीच्या दाण्याएवढं अंतर राहिलं की कात्री थांबवायची. मग ते टोक मागे दुमडून अंगठ्याखाली धरायचं आणि दुसऱ्या बाजूनं ओतायचं. धार सरळ पडते. दोन-तीन दिवस हात चुकतो, नंतर लक्षही द्यावं लागत नाही. तेलाच्या पिशवीचं जरा निराळं आहे, तिचं प्लास्टिक जाड, त्यामुळे ती दुमडताना... समोरचा लाल दिवा लागला.